काठ मोकळे आहेत का?

२०१४ सालच्या श्रावणात मी मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या एसटीत बसलो होतो. शर्टाच्या आतल्या खिशात प्लास्टिकची एक लहान पिशवी होती आणि तिच्यात मेणाचे दोन ठोकळे. प्रत्येक ठोकळा साधारण काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा, खाली प्लास्टिकची जाळी, तिच्या कडेवर पेन्सिलीने लिहिलेला नंबर. पांढऱ्या मेणात मसुरीच्या डाळीएवढा एक करडा तुकडा दिसत होता. तो माझ्या थोरल्या चुलतभावाच्या, अण्णाच्या, खांद्याचा तुकडा होता. ज्यांच्या घरात कर्करोग येऊन गेला आहे त्यांना हे ठोकळे माहीत असतात. लॅबमधली माणसे त्यांना 'ब्लॉक' म्हणतात, आणि आपणही दोन दिवसांत तसेच म्हणू लागतो. "ब्लॉक आणलेत का?" हा प्रश्न मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर नाव विचारण्याच्याही आधी येतो.

अण्णाची हकिकत थोडक्यात सांगतो. त्याच्या डाव्या खांद्यामागे, मानेकडच्या बाजूला, एक तांबूस चट्टा होता. पुढे त्यावर बोराएवढी गाठ आली. दुखत नव्हती. २००९ साली जवळच्या एका दवाखान्यात भूल देऊन ती काढली, पाच टाके पडले, आणि गाठ बादलीत गेली. तपासायला पाठवावी असे कोणालाच वाटले नाही. काढणाऱ्याला वाटले नाही, अण्णाला वाटले नाही, त्या दिवशी त्याच्यासोबत गेलेल्या मलाही वाटले नाही. २०१२ साली जुन्या व्रणाच्या कडेला पुन्हा दोन गाठी उठल्या. या वेळी त्या काढून तपासायला गेल्या. अहवाल आला, 'डर्मॅटोफायब्रोमा', म्हणजे त्वचेतली बिनधोक गाठ. आम्ही पेढे वाटले नाहीत इतकेच. दोन वर्षांनी तिसऱ्यांदा गाठ आली तेव्हा एका तरुण डॉक्टरबाईंनी व्रणावरून बोट फिरवले आणि विचारले, "मागचे ब्लॉक कुठे आहेत?"

मी डॉक्टर नाही. बारावीला शास्त्र होते, पुढे नोकरी हिशेबाच्या खात्यात झाली. जुने कागद वाचायची सवय मात्र आधीपासून होती. वीस वर्षे मी गावोगावची दप्तरे चाळण्यात घालवली आहेत. त्या एसटीच्या प्रवासानंतर तीच सवय या विषयाकडे वळली. वैद्यकातले जुने शोधनिबंध मिळवून, शब्दकोश शेजारी ठेवून, आणि एका निवृत्त पॅथॉलॉजिस्टांच्या घरी दर रविवारी बसून जे कळले ते इथे मांडतो आहे. प्रश्न एकच होता. गाठ काढायची म्हणजे भोवतीची किती चामडी काढायची, हे डॉक्टर कशावरून ठरवतात? आणि पूर्वी कशावरून ठरवत होते?

* * *

अण्णाच्या आजाराचे नाव 'डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबेरन्स'. नाव लांबलचक, आजार दुर्मीळ. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे दहा लाखांत वर्षाला चारेक माणसांना होणारा. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले त्वचारोगतज्ज्ञ झाँ दारिए यांनी १९२४ साली फेराँ या सहकाऱ्यासोबत त्याचे स्वतंत्र वर्णन केले. त्यांनी दिलेल्या नावात दोन विशेषणे होती: 'वाढत जाणारा' आणि 'पुन्हा येणारा'. पुढच्याच वर्षी जर्मनीत एरिक हॉफमान यांनी त्याच आजाराला 'प्रोट्युबेरन्स' म्हणजे 'पुढे आलेला, उंचवट्याचा' असे नाव दिले. हे हॉफमान म्हणजे १९०५ साली शौडिन यांच्यासोबत उपदंशाचा जंतू शोधणारे. त्यांचा दबदबा मोठा होता. त्यांनी दिलेले नाव टिकले.

माझ्या मते हे वाईट झाले. दारिएंचे नाव आजाराचा स्वभाव सांगत होते, हॉफमानांचे नाव नुसते रूप सांगते. आणि ते रूपही उशिरा येते. पहिली काही वर्षे हा आजार सपाट चट्ट्यासारखा असतो, जळल्याचा किंवा जुन्या जखमेचा वण वाटावा असा. ज्याने फक्त नाव पाठ केले आहे तो उंचवट्याची वाट पाहत बसतो. 'पुन्हा येणारा' हा शब्द नावातच राहिला असता तर अण्णाच्या दुसऱ्या अहवालाच्या वेळी कोणीतरी थांबले असते का, असा विचार मी अनेकदा केला आहे. उत्तर अर्थात मिळणार नाही.

हा आजार सहसा जीव घेत नाही. तो शरीरात दूरवर पसरण्याचे प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली आहे. पण जागेवर तो चिवट आहे. शेतकऱ्याला एका शब्दात सांगता येईल: हरळी. वरून खुरपली तर रान स्वच्छ दिसते, आणि पंधरा दिवसांनी वीतभर अंतरावर दुसराच कोंब वर येतो. या गाठीच्या पेशी त्वचेच्या खालच्या थरातून आणि चरबीतून बारीक धाग्यांनी आडव्या सरकत जातात. हाताला लागणारी गाठ ही त्यांतली केवळ जाड झालेली जागा. अरुंद काठ ठेवून काढलेल्या गाठी जुन्या नोंदींत जवळजवळ निम्म्या रुग्णांत परतलेल्या दिसतात.

शेष ठेवू नये हे शहाणपण आपल्याकडे जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्बुदाविषयी स्पष्ट सांगितले आहे की, थोडा अंश मागे राहिला तर ते लवकरच पुन्हा वाढते, आणि राहिलेल्या ठिणगीसारखे माणसाचा घात करते. म्हणून ते निःशेष काढावे. हे वाचल्यावर मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. पण 'आपल्याला सगळे आधीच ठाऊक होते' म्हणून टाळी घेण्याची ही जागा नाही. शेष ठेवू नये हे सुश्रुताला कळले होते, दारिएंना कळले होते, आमच्या गावच्या खुरपणाऱ्या बायकांनाही कळते. अडचण वेगळीच आहे. शेष दिसत नाही.

* * *

जे दिसत नाही त्यावर माणसाने काढलेला पहिला उपाय म्हणजे मोजपट्टी. सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण या आजाराचे नाही, त्वचेच्याच मेलॅनोमाचे आहे. पण त्याची सावली सगळ्या त्वचा-कर्करोगांच्या शस्त्रक्रियेवर पडली, म्हणून सांगतो. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातले विल्यम सॅम्पसन हँडली यांनी १९०७ साली व्याख्यानांतून असे मांडले की, हा रोग त्वचेखालच्या लसिकावाहिन्यांतून चहूकडे पसरतो, म्हणून त्वचा आणि त्याहून अधिक रुंदीचे खालचे आवरण गाठीसकट काढून टाकावे. आधार होता तो एका मृत रुग्णाच्या, रोग फार पुढे गेलेल्या, शवविच्छेदनाचा. केवळ एका. त्यातून पुढे पाच सेंटिमीटरची शिस्त तयार झाली आणि काही पिढ्यांच्या सर्जनांनी ती पाळली. लहानशा तिळासाठी तळहाताएवढी चामडी जात असे आणि त्या जागी मांडीची चामडी लावावी लागे.

हँडलींना मी दोष देणार नाही. त्या काळी शेष ठेवण्याची भीती खरी होती आणि पट्टीखेरीज हातात दुसरे काही नव्हते. पण एका माणसाच्या देहावरून काढलेले माप हजारोंना लागू झाले, आणि ते तपासायला फार वर्षे गेली. १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवले की, मेलॅनोमाचे भवितव्य त्याच्या जाडीवर अवलंबून असते आणि ती जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमध्ये मोजता येते. १९८८ साली इटलीच्या उंबेर्तो व्हेरोनेसी यांच्या गटाने ६१२ रुग्णांवरचा निष्कर्ष छापला: पातळ मेलॅनोमात एक सेंटिमीटर काठ ठेवलेल्यांचे आणि तीन सेंटिमीटर ठेवलेल्यांचे आयुष्य सारखेच राहिले. किती कापायचे हे बायोप्सीतल्या एका खुणेवरून ठरवता येते, ही गोष्ट तिथे पक्की झाली.

अण्णाच्या आजाराला मात्र जाडीचे माप उपयोगाचे नव्हते. तिथे प्रश्न पेशी ओळखण्याचा होता.

* * *

ओळखायचे म्हणजे आधी टिकवायचे. शरीरातून काढलेला तुकडा काही तासांत सडू लागतो. १८९३ साली फ्रँकफुर्टमध्ये फर्डिनांड ब्लुम फॉर्मल्डिहाइडचा जंतुनाशक म्हणून अभ्यास करत होते. काम करता करता त्यांच्या बोटांची चामडी कडक झाली. दुसरा असता तर हात धुऊन मोकळा झाला असता. ब्लुम यांना वाटले, बोट असे राहते तर ऊतीही राहतील. आजही जगभर बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्येच पडतो, मग मेणात बसतो, मग त्याचे केसाहून पातळ काप निघतात आणि मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून मिळणाऱ्या जांभळ्या रंगात व एका गुलाबी रंगात रंगतात.

या जांभळ्या-गुलाबी चित्रात अण्णाच्या आजाराच्या पेशी चातीसारख्या लांबट दिसतात, आणि त्यांची ठेवण चटईच्या विणीसारखी असते. पॅथॉलॉजीत या विणीला जो शब्द आहे त्याचे मूळच चटईच्या लॅटिन शब्दात आहे. रविवारच्या गुरुजींनी मला ती प्रथम दाखवली तेव्हा वाटले, इतके तर कोणीही ओळखेल. मग त्यांनी दुसरी काच लावली. तीही तशीच दिसली. "ही बिनधोक गाठ," ते म्हणाले. "आता तुकडा लहान असेल, वरवरचा असेल, तर सांगा बरं फरक." मला सांगता आला नाही. २०१२ साली अहवाल लिहिणाऱ्याला तो सांगता आला नाही याचा माझा राग त्या दिवशी बराच उतरला.

इथे १९४१ या सालाशी थोडे थांबतो. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या, एकमेकींना न ओळखता. अमेरिकेत हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून दाखवला. विस्कॉन्सिनमध्ये फ्रेडरिक मोहस यांनी सूक्ष्मदर्शकावर नजर ठेवून त्वचेचा कर्करोग थराथराने काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आणि फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकरांकडे होती. १९४५ साली खानोलकर आणि सूर्याबाई यांनी आपल्याकडच्या चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळून बांधल्याने त्या पट्ट्यात होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन आहे. काश्मिरात कांगडीच्या शेकाने पोटावर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्याआधीच झाले होते. या दोन्हींत रोगाची खूण शरीरावरच्या जागेत आणि माणसाच्या सवयीत होती. धोतराचा पट्टा दिसला की निदान निम्मे झाले. अण्णाच्या आजाराला अशी बाहेरची खूण नाही. त्याची खूण पेशीच्या पापुद्र्यावर आहे, आणि ती वाचायला कून्स यांची युक्ती लागते.

ती युक्ती अशी. प्रतिपिंड हे शरीरातले असे रेणू की, जे एका ठरावीक लक्ष्यालाच जाऊन चिकटतात. कुलपात जशी एकच किल्ली बसते तसे. कून्स यांनी त्या किल्लीला चमक लावली. म्हणजे कुलूप कुठे आहे ते अंधारात दिसेल. १९६६ साली नाकाने आणि पिअर्स यांनी चमकेऐवजी एक विकर जोडले, ज्याच्या क्रियेने रंग साठतो. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागले. आज प्रयोगशाळेत दिसतो तो बहुधा तपकिरी रंग. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टीन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची रीत शोधली. तिचे पेटंट घेतले गेले नाही. पुढे नोबेल मिळाले आणि जगभरच्या प्रयोगशाळा ती रीत वापरू लागल्या. एक अडथळा उरला होता. फॉर्मॅलिन ऊती टिकवते खरी, पण कुलपांची भोकेही बुजवते. १९९१ साली शान-राँग शी आणि सहकाऱ्यांनी काचा मायक्रोवेव्हमध्ये द्रावणात उकळल्या आणि भोके मोकळी झाली. स्वयंपाकघरातल्या यंत्राने जुन्या ब्लॉकना पुन्हा बोलते केले.

आणि मग सीडी३४. हा मार्कर त्वचेसाठी शोधलेलाच नव्हता. १९८४ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये कर्ट सिव्हिन यांचा गट अस्थिमज्जेतल्या मूळ रक्तपेशी वेगळ्या कशा काढाव्यात या खटाटोपात होता. त्यासाठी त्यांनी केलेले प्रतिपिंड या रेणूला चिकटत होते. आठ वर्षांनी, १९९२ साली, जपानमधल्या आयबा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, डर्मॅटोफायब्रोसार्कोमाच्या पेशींवरही तो असतो. बिनधोक गाठीत तो सहसा नसतो. तिथे दुसरा एक मार्कर, फॅक्टर तेरा-ए, उजळतो. जांभळ्या-गुलाबी काचेवर जुळ्यांसारखी दिसणारी दोन चित्रे वेगळी झाली. रक्ताच्या शोधात केलेली किल्ली चामडीच्या कुलपाला बसली.

अण्णाचे २०१२ चे दोन ब्लॉक मुंबईत पुन्हा कापले गेले. आठवड्याने मी खिडकीवर गेलो. अहवालात ओळ होती: सीडी३४ सर्वत्र आणि ठळक.

* * *

आता मार्करच्या लबाड्या. त्या सांगितल्याशिवाय हा विषय मांडला तर ती जाहिरात होईल. सीडी३४ रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असतो, केसांच्या मुळांभोवतीच्या निरोगी पेशींवर असतो, इतर काही गाठींतही असतो. तपकिरी दिसले म्हणजे रोग, असे नाही. उलट, हा आजार जेव्हा अधिक आक्रमक रूप घेतो तेव्हा त्या भागातला सीडी३४ बऱ्याचदा फिका पडतो किंवा जातो. म्हणजे ज्या पेशींची भीती अधिक त्याच रंगाला चुकवू शकतात. म्हणून रंगाची काच एकटी वाचत नाहीत. शेजारी साधी काच असते आणि तिच्यासमोर अनुभवी डोळा असतो. तुकडा घेतानाची चूक तर रंगाने भरून येतच नाही. वरवरची बायोप्सी घेतली, चरबीपर्यंत गेलीच नाही, तर खालची वीण दिसणार कशी? गावाकडून तुकडे सलाइनच्या बाटलीत घालून येतात, ते वाटेत खराब होतात. बादलीत गेलेल्या तुकड्याबद्दल तर बोलायलाच नको.

निदान झाले तरी मूळ प्रश्न राहतोच: कापायचे किती? पाठ्यपुस्तके दोन ते चार सेंटिमीटर आणि खोलवर स्नायूच्या आवरणापर्यंत, असे सांगतात. अण्णाच्या बाबतीत गाठ मानेच्या कुशीत होती. चार सेंटिमीटर सगळीकडे घेतले असते तर खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस हाताशी येत होती. अण्णाला एवढेच कळत होते. त्याने सर्जनना विचारले, "डॉक्टर, हात वर होईल ना? माझं काम सगळं डोक्याच्या वरचं आहे." त्याची द्राक्षबाग आहे. मांडव डोक्यावर असतो. छाटणी, विरळणी, सगळे हात वर करून.

इथे मोहस कामाला येतात. विद्यार्थी असताना उंदरांच्या गाठींवर निरनिराळी द्रव्ये टोचून पाहताना त्यांना दिसले की, झिंक क्लोराइडने ऊती मरते, पण सूक्ष्मदर्शकाखालचे तिचे रूप जसेच्या तसे राहते. त्याचे लेपन करून ते कर्करोग थरावर थर काढत आणि प्रत्येक थर तपासत. काम अतिशय सावकाश होते आणि रुग्णाला ते दुखत असे. (दाहक लेपाने गाठ जाळायची हे क्षारकर्माच्या जवळचे वाटेल, फरक सूक्ष्मदर्शकाचा आहे, आणि तो सगळा फरक आहे.) पुढे लेप गेला आणि ताज्या ऊतीवरच काम होऊ लागले, १९७० च्या दशकात ट्रोमोव्हिच आणि स्टेगमन यांनी ती रीत रूढ केली. खरी कल्पना लेपात नव्हतीच, कापण्याच्या दिशेत होती. नेहमीच्या तपासणीत गाठीचे पावासारखे उभे काप करतात आणि त्यांतले काही पाहतात. दोन कापांच्या मधल्या काठावर काय आहे ते पाहायचे राहून जाते. मोहस यांच्या रीतीत भाकरीची कड सलग सोलावी तसा सबंध काठ आणि तळ काढून सपाट पसरतात, म्हणजे काठाचा प्रत्येक भाग नजरेखालून जातो. या आजारात तशा रीतीने काढलेल्या गाठी परतण्याचे प्रमाण शेकडा एक-दोनाच्या आसपास नोंदले गेले आहे.

मात्र घाईघाईने गोठवून केलेल्या कापात चातीसारख्या पेशी व्रणाच्या पेशींपासून ओळखणे अवघड जाते, आणि अण्णाच्या खांद्यावर दोन जुन्या शस्त्रक्रियांचे व्रण होते. म्हणून त्यांनी सावकाशीचा मार्ग घेतला. गाठ सर्व बाजूंनी माफक काठ ठेवून काढली, भोवतीची सबंध कड व तळ दिशांच्या खुणा करून मेणात घातली आणि प्रत्येक तुकड्यावर सीडी३४ केले. जखम न शिवता पट्टीखाली ठेवली. सहा दिवस. त्या सहा दिवसांत अण्णा कुशीवर झोपून छताकडे पाहत असे आणि वहिनी त्याला बागेतल्या फवारणीचे फोन लावून देई.

सहाव्या दिवशी सर्जननी कागदावर खांद्याचे वर्तुळ काढून दाखवले. घड्याळाच्या तबकड्यासारखे आकडे घातले होते. बारा ते नऊपर्यंत काठ मोकळे होते. नऊ ते अकरा या भागात, पाठीच्या कण्याकडे, खोल चरबीत तपकिरी धागा दिसला होता. मानेकडे, जिथे आम्ही सगळे भीत होतो, तिथे काही नव्हते. दुसऱ्या वेळी फक्त त्या दोन आकड्यांमधली फाक आणखी काढली. तीही तपासली. मग मांडीची चामडी लावून जखम झाकली.

पट्टीने मोजले असते तर काय झाले असते, हे मी नंतर गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "मानेकडे नको तेवढं गेलं असतं आणि पाठीकडे हवं तेवढं गेलं नसतं." मग थोडे थांबून म्हणाले, "किंवा सगळं ठीकही झालं असतं. एका माणसावरून नियम करू नका. हँडलींनी तेच केलं."

* * *

असे इतरही आजार आहेत, त्यांना इथे धावती भेट देतो. १९७२ साली सिरिल टोकर यांनी पाच रुग्णांवरून त्वचेच्या एका नव्या कर्करोगाचे वर्णन केले, आज त्याला मर्केल पेशींचा कर्करोग म्हणतात. काचेवर तो फुप्फुसातून आलेल्या लहान पेशींच्या कर्करोगासारखा दिसतो. सायटोकेराटिन २० हा मार्कर त्यात केंद्रकाजवळ ठिपक्यासारखा उमटतो, आणि तिथून सर्जनचा रस्ता बदलतो: फुप्फुस धुंडाळण्याऐवजी काखेतली किंवा जांघेतली पहिली लसिकाग्रंथी काढून तपासायची, आणि त्या ग्रंथीतही तोच मार्कर लावून चार-दोन चुकार पेशी शोधायच्या. २००८ साली पिट्सबर्गच्या गटाला यातल्या बहुतेक गाठींत एक विषाणू सापडला. दुसरा आजार जेम्स पॅजेट यांच्या नावाचा, पण स्तनाबाहेरचा, गुह्यांगाच्या त्वचेवर वर्षानुवर्षे गजकर्ण समजून मलम लावला जाणारा. तिथे सायटोकेराटिन ७ सोबत २० ही उमटला तर सर्जन सुरी बाजूला ठेवतात आणि आधी मोठे आतडे व मूत्राशय तपासायला सांगतात, कारण त्वचेवर दिसते ते आतल्या कर्करोगाचे बाहेर आलेले टोक असू शकते. त्या आजाराची कड तर डोळ्याला कधीच खरी दिसत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधीच चारही बाजूंना लहान लहान बायोप्सी घेऊन नकाशा करतात.

अण्णाच्या आजाराचे शेवटचे कोडे १९९७ साली सुटले. फ्रान्समधल्या मारी-पिएर सिमाँ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, सतराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन कोलॅजेनचे जनुक वाढीच्या एका घटकाच्या जनुकाला चिकटते, आणि पेशी स्वतःलाच 'वाढ' म्हणून सांगत राहते. रक्ताच्या कर्करोगावरचे इमॅटिनिब हे औषध नेमकी ही हाक अडवते. २००६ साली अमेरिकेत ते या आजारासाठीही मान्य झाले, आणि गाठ फार मोठी असेल तर शस्त्रक्रियेआधी ती आक्रसायला वापरतात. याच औषधाच्या पेटंटवरून आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या एप्रिलमध्ये निकाल दिला होता, तो वाचकांना आठवत असेल. औषध द्यायचे तर ही जनुकांची गाठ आहे की नाही ते आधी ब्लॉकवर तपासावे लागते. नसेल तर औषधाचा भरवसा धरता येत नाही. पुन्हा ब्लॉकच.

अण्णाला औषध लागले नाही. तो सुरुवातीला दर सहा महिन्यांनी दाखवायला जात असे, आता वर्षाने जातो, कारण हा आजार फार वर्षांनीही परत येऊ शकतो. सर्जन काही बोलत नाहीत. डोळे मिटल्यासारखे करून व्रणावरून बोटे फिरवतात, चामडी लावलेल्या जागेच्या कडेकडेने, नऊ ते अकरा या भागात जरा सावकाश. हात खांद्याच्या वर पूर्ण जातो. या वर्षीच्या ऑक्टोबर छाटणीला तो शिडी न घेता मांडवाखाली उभा होता.

ब्लॉक मुंबईहून परत मिळाले, ते माझ्याकडे आहेत. कागदांच्या कपाटात खालच्या खणात, स्टीलच्या डब्यात. उन्हाळ्यात मेण मऊ होऊ नये म्हणून डबा मार्चमध्ये आतल्या खोलीत हलवतो. २००९ चा तुकडा त्यात नाही.